न्यू जर्सीचा हुकूमनामा घाटकोपरला कसा बजावायचा?

प्रश्न : मुलाने न्यू जर्सीत एका मित्राला ६०,००० डॉलर उसने दिले होते. दाव्याचे समन्स त्याला तिथल्या घरीच मिळाले, पण तो हजर झाला नाही आणि घाटकोपरला परत आला. एकतर्फी निकालाला आता दोन वर्षे होत आली. हेगच्या करारामुळे असे निकाल इथे आपोआप लागू होतील, असे ऐकतो. तोवर थांबावे का? – एक वाचक, विलेपार्ले

उत्तर : थांबू नये, असा माझा स्पष्ट सल्ला आहे. परदेशी दिवाणी निकालांच्या मान्यतेसंबंधीचा हेग करार २ जुलै २०१९ चा असून १ सप्टेंबर २०२३ रोजी तो अमलात आला. अमेरिकेने २०२२ मध्ये त्यावर सही केली, पण अनुसमर्थन, म्हणजे करार बंधनकारक म्हणून औपचारिकपणे स्वीकारणे, केलेले नाही. भारताची तर सहीही नाही. सही म्हणजे फार तर साखरपुडा. भारताने अनुसमर्थन केले, तरी इथल्या न्यायालयांना तो लागू होण्यासाठी संसदेला राज्यघटनेच्या अनुच्छेद २५३ खाली कायदा करावा लागेल. शिवाय कराराच्या सोळाव्या अनुच्छेदानुसार मूळ दावा दाखल होताना करार दोन्ही देशांत लागू असावा लागतो. त्यामुळे उद्या दोन्ही सरकारांनी मनावर घेतले तरी आपल्या मुलाला त्याचा उपयोग नाही.

दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ४४-अ खाली ब्रिटन, सिंगापूर, २०२० पासून संयुक्त अरब अमिराती अशा अधिसूचित देशांतील वरिष्ठ न्यायालयांच्या हुकूमनाम्यांवर इथे थेट दरखास्त, म्हणजे अंमलबजावणीचा अर्ज, लावता येते. अमेरिका त्या यादीत नाही. म्हणून त्या निकालाच्याच आधारे मुंबईच्या शहर दिवाणी न्यायालयात नवा दावा दाखल करावा लागेल, आणि मुदत कायद्याच्या अनुच्छेद १०१ प्रमाणे त्याला निकालाच्या तारखेपासून ३ वर्षेच मिळतात. आपली जवळजवळ दोन गेली.

खरी मेख ‘एकतर्फी’ या शब्दात आहे. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम १३ नुसार परदेशी निकाल निर्णायक मानला जातो, पण तो गुणदोषांवर दिलेला नसेल तर नाही. आणि प्रतिवादी आला नाही एवढ्यावरूनच, पुरावा न पाहता दिलेला हुकूमनामा गुणदोषांवरचा नव्हे, असे सर्वोच्च न्यायालयाने २००१ मध्ये इंटरनॅशनल वूलन मिल्सच्या प्रकरणात म्हटले आहे. समन्स प्रत्यक्ष हाती पडल्याने अधिकारक्षेत्र आणि नैसर्गिक न्याय या मुद्द्यांवर आपली बाजू भक्कम दिसते. पण मुलाचे शपथपत्र, बँकेतून पैसे पाठवल्याची नोंद, त्यांचा विचार झाल्याचे दाखवणारा आदेश, असे तिथल्या दप्तरात जे असेल ते सगळे मागवा. निकालाच्या प्रमाणित प्रतीवर न्यूयॉर्कमधील भारतीय वाणिज्य दूतावासाचे प्रमाणपत्र घ्यावे. मूळ उसनवारीचा पर्यायी आधार दाव्यात मांडता येईल का, हे व्यवहाराच्या तारखा पाहून सांगता येईल. त्यालाही मुदत आहेच.

दावा आपणच चालवणार असाल, तर मुलाकडून कुलमुखत्यारपत्र मागवा आणि ते मुंबईत पोहोचल्यापासून ३ महिन्यांच्या आत त्यावर मुद्रांक शुल्क भरा.