कॉलनीच्या ग्रुपवर नवीन आलास ना भो?

पहिलं काम, ग्रुप म्यूट कर. बाहेर मात्र पडू नको, नळाला पाणी कधी येणार ते तिथंच कळतं. मे महिन्यात जळगावात पारा 45 च्या आसपास फिरतो, त्यात पाण्याची पाळी चुकली की ड्रमचा तळ खरवडत बसावं लागतं. आमच्याकडे एक काकू पहाटे फक्त 'आलं' एवढंच टाकतात. अशा काकू हेरून ठेव, त्यांच्याशी गोड राहा. आपल्या माणसांना त्या मिस्ड कॉलही देतात. हिवाळ्यात बामणोदची भरिताची वांगी कोणाकडे आलीत, तेही इथंच समजतं. बाकी दिवसभर गुलाबाची फुलं आणि सुविचार. ते सोडून दे.

गेटसमोर लावलेल्या स्कूटीचा फोटो मात्र टाकू नको. मी टाकला होता. गाडी निघाली शेजारच्यांच्या जावयाची! तीन महिने त्या घरातून कळण्याची भाकरी आली नाही. सरळ जाऊन बेल वाजवायची.

आणि 'मुलं पळवणारी टोळी फिरतेय' असलं काही आलं तर पुढं ढकलायचं नाही, कितीही जवळच्यानं पाठवलेलं असो. आपल्याच धुळे जिल्ह्यात, साक्री तालुक्यातल्या राईनपाड्यात 1 जुलै 2018 ला अशाच अफवेपायी जमावानं पाच जणांना ठेचून मारलं. भिक्षा मागून पोट भरणारी माणसं होती ती. त्याच महिन्यात व्हॉट्सअॅपनं भारतात फॉरवर्डला पाच चॅटची मर्यादा घातली. शंका वाटली तर पोलिसांना 112 वर फोन कर, ग्रुपवर नको.

अॅडमिन व्हायला सांगितलं तर नाही म्हण.