यंत्रसंवाद : मातीच्या ट्रॅकसाठी कमी खर्चाचे इंजिन

प्रश्न : मी मूळचा कोल्हापूरचा असून गेली काही वर्षे अमेरिकेतील आयोवा राज्यात नोकरीनिमित्त राहतो. आमच्या गावाजवळ मातीचा ट्रॅक आहे आणि शेजाऱ्याबरोबर पुढच्या हंगामात तेथे ‘स्ट्रीट स्टॉक’ (रस्त्यावरच्या साध्या गाड्यांपासून बनवलेल्या गाड्यांच्या) वर्गात गाडी उतरवण्याचा विचार आहे. आमच्याकडे 1970 च्या दशकातील एका शेव्हरलेट पिकअपचा 350 घनइंची ब्लॉक आहे आणि 1998 च्या पिकअपवरची व्होर्टेक नावाच्या हेडची (सिलिंडरवरच्या झाकणांची) जोडी भंगारातून मिळाली आहे. नियमांनुसार सर्वांना होलीचा 500 सीएफएमचा (मिनिटाला 500 घनफूट हवेचा) दोन बॅरलचा कार्ब्युरेटर आणि फ्लॅट टॅपेटचा कॅमशाफ्ट (व्हॉल्व्ह उघडणारा दांडा, ज्याच्या उंचवट्यांवर म्हणजे लोबांवर सपाट तळाचे टॅपेट टेकलेले असतात) सक्तीचा आहे. आमची हेडे नियमांत बसतात. इंजिनासाठी आम्ही 3,500 डॉलर बाजूला ठेवले आहेत, पण पुढे येणाऱ्या गाड्यांत याच्या तिप्पट-चौपट किमतीची इंजिने असल्याचे ऐकतो. एवढ्या पैशांत त्यांच्याशी बरोबरी करण्याची आशा धरावी का?
— एक वाचक, आयोवा

उत्तर : आशा जरूर धरावी, आणि तिचे कारण आपल्याच पत्रात आहे. आपला 350 चा सिलिंडर 0.030 इंच रीबोअर केला (कापून रुंद केला) की इंजिन 355 घनइंचाचे होते. चार स्ट्रोकचे इंजिन दोन फेऱ्यांत एकदा पूर्ण श्वास घेते, म्हणून मिनिटाला 6,000 फेऱ्यांवर त्याला जास्तीत जास्त किती हवा लागेल याचा हिशेब 355 गुणिले 6,000 भागिले 3,456 (एका घनफुटातील 1,728 घनइंचांची दुप्पट) असा मांडता येतो, आणि उत्तर मिनिटाला सुमारे 616 घनफूट येते. कार्ब्युरेटरवर आकडा आहे 500. हा आकडा विशिष्ट निर्वातावर मोजलेला असल्यामुळे 500 झाले की हवा एकदम थांबते असे नव्हे. परंतु 5,500 च्या पुढे प्रत्येक जादा फेऱ्यासाठी इंजिनाला अधिकाधिक ओढावे लागते आणि हाती कमी कमी पडते. आपल्या प्रतिस्पर्ध्याचे बारा हजार डॉलरचे इंजिनही याच दोन छिद्रांतून श्वास घेणार आहे. त्याने हलका फोर्ज्ड क्रँक, महागडे रॉड आणि सात हजार फेऱ्यांना टिकणारी व्हॉल्व्हची यंत्रणा यांवर जो पैसा घातला, त्यातील बराचसा या नियमाखाली वापरातच येत नाही.

दुसरी गोष्ट मातीची. छोट्या ट्रॅकवर गाडी वळणातून बाहेर पडताना इंजिन साधारण 4,000 च्या आसपास असते आणि सरळ भागाच्या टोकाला 6,000 च्या जवळ पोहोचते. शर्यतीच्या उत्तरार्धात माती घासून गुळगुळीत आणि कोरडी झाली की टायरची पकड हीच खरी मर्यादा ठरते. अशा वेळी जे इंजिन 4,000 पासून सलग, धक्का न देता टॉर्क देते, त्याचा चालक ॲक्सिलरेटर लवकर दाबू शकतो, आणि ज्याची ताकद वरच्या टोकाला एकवटलेली आहे त्याची चाके जागीच फिरतात. म्हणून आपल्याला सर्वाधिक अश्वशक्तीचे इंजिन बांधायचे नसून या दोन हजार फेऱ्यांच्या पट्ट्यात उत्तम चालणारे इंजिन बांधायचे आहे, हे काम सुरू करण्यापूर्वीच शेजाऱ्याशी बोलून पक्के करावे. नाहीतर कॅटलॉग उघडला की मन वाहवत जाते.

हेडांबाबत आपले नशीब चांगले आहे. त्यांच्या ओतीव क्रमांकाचे शेवटचे तीन आकडे 906 किंवा 062 आहेत का ते पाहून घ्या. 5.7 लिटरच्या पिकअपवर 1996 पासून आलेली ही हेडे कारखान्यातून निघालेल्या लोखंडी हेडांत फार चांगली मानली जातात. 64 घनसेंटिमीटरच्या दहनकक्षाचा आकार इतका नेमका आहे की ज्योत लवकर पसरते आणि एकूण स्पार्क ॲडव्हान्स (पिस्टन वर पोहोचण्याआधी ठिणगी पाडण्याचे अंतर) 32 ते 34 अंशांवरच भागते. पण त्यांच्या तीन खोडी ध्यानात ठेवाव्यात. व्हॉल्व्ह सीटांच्या मधल्या भागात त्यांना चिरा जातात, म्हणून एक डॉलरही खर्च करण्याआधी मॅग्नाफ्लक्स (चुंबकाने चिरा शोधण्याची) तपासणी करून घ्यावी. त्यांना इनटेक मॅनिफोल्ड वेगळा लागतो, कारण जुन्या हेडांना बारा बोल्ट असतात आणि यांना आठ. शिवाय मूळ अवस्थेत साधारण 0.470 इंचांपेक्षा जास्त व्हॉल्व्ह लिफ्ट (व्हॉल्व्ह उघडण्याची उंची) दिली तर स्प्रिंगची वाटी गाइडच्या माथ्यावर आपटते. आपल्याला 0.450 च्या आसपास लिफ्ट, 0.050 इंचावर मोजलेले सुमारे 230 अंशांचे ड्युरेशन (व्हॉल्व्ह उघडा राहण्याचा काळ) आणि लोबांमध्ये 106 अंशांचे अंतर असलेला कॅमशाफ्ट पुरेल, त्यामुळे गाइड कापण्याचा खर्च वाचेल. तरीही प्रत्येक व्हॉल्व्हवर ही मोकळी जागा मोजूनच पुढे जावे.

आता ज्या मुद्द्यावर मी सर्वांत जास्त आग्रही आहे, तो सांगतो. या ब्लॉकमध्ये नेहमीच्या मापाचा पिस्टन वरच्या टोकाला आला तरी ब्लॉकच्या पृष्ठभागापासून साधारण 0.025 इंच खाली राहतो. बहुतेक जण त्यावर नेहमीचे जाड गॅस्केट टाकतात आणि मग पिस्टन व हेडचा सपाट भाग यांमध्ये 0.065 इंचांची पोकळी उरते. त्या पोकळीतील मिश्रण ना नीट जळते ना ढवळले जाते, आणि उलट नॉकिंगला (मिश्रण अवेळी भडकून होणाऱ्या ठोक्यांना) निमंत्रण मिळते. त्याऐवजी 0.015 इंच जाडीचे पोलादी शिम गॅस्केट वापरले तर हे अंतर 0.040 इंचांवर, म्हणजे जवळजवळ नेमक्या एका मिलिमीटरवर येते. पिस्टन वर येताना तेथील मिश्रण जोराने दहनकक्षात फेकले जाते, ज्वलन वेगवान होते आणि ब्लॉकचा पृष्ठभाग मशीनवर घेण्याचा खर्चही बहुधा टळतो. मात्र दोन्ही पृष्ठभाग सपाट आणि स्वच्छ असतील तरच हे गॅस्केट दाब धरते, हे विसरू नये.

यातून येणाऱ्या कॉम्प्रेशनचा, म्हणजे मिश्रण किती पट दाबले जाते याचा, हिशेबही पाहू. आपल्या जुन्या पिकअपचे खोलगट पिस्टन बदलून सपाट माथ्याचे, चार व्हॉल्व्ह खाचांचे पिस्टन घ्यावे लागतीलच. खाचांचे सुमारे 6, दहनकक्षाचे 64, गॅस्केटचे 3.2 आणि पिस्टनच्या वरच्या जागेचे 5.2 असे एकूण 78.4 घनसेंटिमीटर होतात, आणि सिलिंडरचे आकारमान 727.4 येते. म्हणजे गुणोत्तर 10.3 च्या जवळ जाते, जे या हेडांबरोबर प्रीमियम पेट्रोलवर निभावते. हेडाचे माप कागदावरून न घेता ब्युरेटने (खुणा असलेल्या मापनळीने) तेल भरून स्वतः मोजावे. एकाच जोडीतील दोन दहनकक्षांत दीड-दोन घनसेंटिमीटरचा फरक मी अनेकदा पाहिला आहे.

पैसे कोठे घालावेत, तर ते मशीन शॉपमध्ये. होनिंग (सिलिंडरची आतली भिंत घासून नेमकी करणे) करताना टॉर्क प्लेट (हेडच्या जागी आवळायची जाड पट्टी) बसवलेली असावी, कारण हेडचे बोल्ट आवळल्यावर सिलिंडरचा आकार बदलतो आणि प्लेटशिवाय गोल केलेला बोअर इंजिन जोडल्यावर गोल राहत नाही. मूळ रॉड चालतील; पण त्यांचे बोल्ट नवे आणि दर्जेदार घ्यावेत व बोल्ट बदलल्यावर मोठ्या टोकाचे भोक पुन्हा मापात करून घ्यावे. ओतीव क्रँकला तडा नसेल तर पॉलिश करून तोच वापरावा आणि फेरे 6,200 च्या आत ठेवावेत. बॅलन्सिंग टाळू नये. व्हॉल्व्ह सीट तीन कोनांत ग्राइंड करून इनटेक व्हॉल्व्हच्या पाठीवर 30 अंशांचा कोन काढून घ्यावा. कमी लिफ्टवर प्रवाह वाढवणारे इतके स्वस्त काम दुसरे मला ठाऊक नाही. बेअरिंगची फट रॉडला 0.0020 ते 0.0025 इंच आणि क्रँकच्या मेन बेअरिंगांना 0.0025 च्या आसपास ठेवावी. कोल्हापूरच्या उद्यमनगरात ज्या फिटरांच्या हाताखाली मी शिकलो, ते कॅप तीनदा उघडून तीनदा मोजत असत, आणि ती सवय मी आजही सोडलेली नाही.

तेलाकडे दुर्लक्ष झाले तर वरचे सर्व व्यर्थ जाते. गाडी सतत डावीकडे वळते आणि तेल उजवीकडे चढते. साध्या ऑइल पॅनमध्ये (इंजिनाखालच्या तेलाच्या भांड्यात) पंपाची जाळी अशा वेळी उघडी पडते आणि काही क्षण बेअरिंगांना तेलाऐवजी हवा मिळते. आत झडपा असलेला, उजवीकडे फुगवटा दिलेला ऑइल पॅन घ्यावा, आणि जाळी व पॅनचा तळ यांत तीन सुतांचे अंतर ठेवून नळी पंपाला पक्की जोडून घ्यावी, कारण कंपनाने ती गळून पडल्याची उदाहरणे कमी नाहीत. गरम इंजिनात दर हजार फेऱ्यांमागे दहा पौंड तेलदाब मिळत असेल तर समाधान मानावे, त्याहून जाड तेल आणि जास्त दाब यांमागे लागू नये.

फ्लॅट टॅपेटच्या कॅमशाफ्टबाबत मात्र मी अनुभवाने शहाणा झालो आहे. मी बांधलेल्या अशा पहिल्या इंजिनात पेट्रोल आणि टायमिंग आधी नीट जुळवले नव्हते. ते लगेच सुरू होईना, म्हणून मी दहा मिनिटे नुसता स्टार्टर मारत राहिलो आणि लोबांवरचे लेप पुसून गेले. दुसऱ्याच दिवशी टॅपेटचा आवाज येऊ लागला. ऑइल फिल्टर कापून त्याची घडी उलगडली तेव्हा कागदावर चांदीच्या वर्खासारखी पूड पसरलेली होती; एक लोब जवळजवळ गोल झाला होता. आपण तसे होऊ देऊ नका. लोब आणि टॅपेट यांना मॉलिब्डेनमचा लेप लावावा, जस्ताचे प्रमाण चांगले असलेले ब्रेक-इन तेल भरावे, डिस्ट्रिब्यूटर बसवण्याआधी ड्रिलने पंप फिरवून प्रत्येक रॉकरपर्यंत तेल आल्याची खात्री करावी, आणि इंजिन सुरू होताच ते 2,000 ते 2,500 फेऱ्यांवर नेऊन वीस मिनिटे तेथेच, थोडे खालीवर करत, चालवावे. संथ फेऱ्यांवर क्रँकवरून उडणारे तेल लोबांपर्यंत पुरेसे पोहोचत नाही. पुशरॉड फिरताना दिसले पाहिजेत. जो फिरत नाही त्याचा टॅपेट घासतो आहे, तेव्हा इंजिन ताबडतोब बंद करावे.

प्रश्न : काही वर्गांत इंजिनावर ‘क्लेम’ लावता येतो असे वाचले. आपण कष्टाने बांधलेले इंजिन दुसऱ्याने ठरावीक रकमेत घेऊन जावे, हे अन्यायाचे नाही का?
— तेच वाचक

उत्तर : ज्याने इंजिनात दहा हजार घातले त्याला ते टोचते, आणि नियमाचा हेतूच तो आहे. आयोवातच 1979 साली सुरू झालेल्या आयएमसीए या शर्यत-संघटनेच्या मॉडिफाइड वर्गाने हा नियम लोकप्रिय केला. पुढे आलेल्या गाडीचे इंजिन प्रतिस्पर्धी ठरलेल्या रकमेत मागू शकतो, आणि नकार दिल्यास शिक्षा होते. त्यामुळे गमावले तर रडू येईल असे इंजिन कोणी आणत नाही. आपल्यासारख्याला हा नियम संरक्षणच देतो. आपल्या वर्गात तो आहे का, हे नियमपुस्तकात आधी पाहावे, आणि असल्यास कामाची सगळी मापे वहीत लिहून ठेवावीत. इंजिन गेले तरी दुसरे त्याच मापांनी उभे करता येते.

प्रश्न : आमच्याकडे मातीच्या ट्रॅकवर दुचाकींच्या शर्यती होतात. माझ्याकडे जुनी आरएक्स 100 आहे. वरच्या उत्तरांतील काही मला लागू पडेल का?
— एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : शिम गॅस्केटबद्दल लिहिले तीच गोष्ट सर्वांत आधी लागू पडते. आपले इंजिन टू-स्ट्रोक, 50 मिलिमीटर बोअर आणि 50 मिलिमीटर स्ट्रोकचे आहे. त्यात पिस्टनची कड आणि हेड यांमधील फटीला स्क्विश म्हणतात. अनेक मेकॅनिक कॉम्प्रेशन वाढवण्यासाठी हेड सरसकट घासून आणतात, पण ही फट मोजत नाहीत. हेड उतरवून दोन मिलिमीटर जाडीच्या मऊ सोल्डर तारेचे दोन तुकडे पिस्टनवर गुडजन पिनच्या (पिस्टन रॉडला जोडणाऱ्या पिनच्या) रेषेत, डावीकडे आणि उजवीकडे, ग्रीसने चिकटवा. त्या रेषेत पिस्टन डुलत नाही, म्हणून माप खरे येते. तारांची टोके सिलिंडरच्या भिंतीला टेकलेली असावीत. हेड वापरायच्याच गॅस्केटसह नेहमीच्या ताकदीने आवळा, किकने क्रँक एकदा हळूच वरच्या टोकावरून न्या आणि तारा काढून चपट्या झालेल्या टोकांची जाडी मायक्रोमीटरने घ्या. ती एक मिलिमीटरच्या आसपास असेल तर हेडाला हात लावू नका. दीड मिलिमीटर भरली तर सिलिंडरखालचे गॅस्केट पातळ करता येईल, मात्र त्याने पोर्टही (सिलिंडरच्या भिंतीतील वायूची भोके) तितकेच खाली येतात, म्हणून एका वेळी थोडेच बदला आणि प्रत्येक बदलानंतर तार पुन्हा दाबून पाहा.