साडेतीन वर्षांची मुलगी बालवाडीत मुलांना मारते. 'मुलीच्या जातीला हे शोभत नाही' असं तिला सांगावं का?

नका सांगू. सासूबाई तेच म्हणतात असं तुम्ही लिहिलंय. त्यांनाही जमेल तसं समजवा, म्हणजे निदान लेकीसमोर तरी बोलणार नाहीत.

मी नाशिकला सिडकोत बरीच वर्षं बालवाडी घेते. जूनमध्ये माझ्या वर्गात चावणं, बोचकारणं, झिंज्या ओढणं रोजचंच असतं आणि त्यात मुली काही मागे नसतात. माँट्रियलचे संशोधक रिचर्ड ट्रेंब्ले यांनी मुलांच्या मारामारीचा वर्षानुवर्षं मागोवा घेतला. दोन ते चार वर्षांच्या दरम्यान ती सर्वांत जास्त असते, मग बोलता येऊ लागतं, स्वतःला आवरता येतं आणि ती उतरते. त्यांच्या मते मूल मारायला शिकत नाही, न मारायला शिकतं.

पण पोरं आपलं बोलणं टिपत असतात. एकदा मी फळ्यावर दोन गोल चेहरे काढले, एक रडणारा, एक ढकलणारा. केस नाहीत, टिकली नाही. "कुणी ढकललं?" तर सगळा वर्ग ओरडला, "दादानं!" एक चिमुरडी वर म्हणाली, "मुली नाही मारत." तिच्याच दातांचे वळ तेव्हा शेजारच्याच्या दंडावर होते. (मला हसू आवरेना, त्या शेजाऱ्याला मात्र नाही आलं.)

ही समजूत काही आपल्याकडचीच नाही. अमेरिकेत १९६१ मध्ये मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट बांडुरा यांनी बालवाडीतल्या ७२ मुलांवर एक प्रयोग केला. मोठी माणसं हवेच्या बाहुल्याला बडवताना काहींना दाखवली. बडवणारी बाई असली की मुलंच म्हणायची, बायका अशा वागतात का? नंतर मुलग्यांनी बाहुल्याला जास्त बडवलं. पण त्यांच्याच १९६५ च्या तशाच प्रयोगात 'पाहिलंस ते करून दाखव, बक्षीस देते' म्हटल्यावर मुली जवळपास मुलग्यांच्या बरोबरीला आल्या. म्हणजे येत सगळं होतं, दाखवत नव्हत्या.

'मुलीनं मारू नये' या वाक्याचा घोळ इथेच आहे. मुलगी मारणं लपवते, नाहीतर हात आवरून कट्टी घेते आणि इतरांनाही घ्यायला लावते. ते बाईंना दिसतही नाही. आणि शेजारचा मुलगा त्याच वाक्यातून 'आपल्याला चालतं' एवढं उचलतो.

म्हणून वाक्य एकच ठेवा, घरातल्या मुलग्यालाही तेच: "मारल्यावर दुखतं. हवं ते तोंडानं माग." हात धरा, पण चिडून नाही. पहिलीच्या वयाला आली तरी रोज मारते, कुणाला इजा होते, असं असेल तर बालरोगतज्ज्ञांना दाखवा.

ज्याला मारलं त्याच्या आईला उद्या सुटताना गेटवर तुम्हीच गाठा. "एवढीशी पोर मुलाला मारते" ही कुजबुज गेटवर सुरू झाली की ती लेकीच्या कानावर जातेच.