पार्किन्सनची गोळी कधी लागू पडते, कधी पडतच नाही. डोस वाढवावा का?

तुम्ही लिहिलंय की वडिलांना सिंडोपाची गोळी सकाळी अर्ध्या तासात लागू पडते आणि दुपारी तीच गोळी दोन-दोन तास ढिम्म. डोसचं नंतर बघा. आधी सांगा, दुपारची गोळी जेवणावर देताय ना?

आमच्याकडे यावरून दोन वर्षं भांडण झालं. आईला गोळी दुधाबरोबरच द्यायची, हा दादाचा हुकूम. रिकाम्या पोटी औषध म्हणजे आतडी जळणार! तो पुण्याला, आई माझ्याकडे, पण फोन रोज. आठला पेलाभर दूध आणि गोळी, साडेनऊला आई मोरीच्या उंबऱ्याशी अडकलेली. पाय फरशीला चिकटल्यासारखे. मी मागे उभी राहून "एक, दोन, एक, दोन" म्हणायची. दादाचं निदान तयार : "ती प्रयत्नच करत नाही."

शेवटी मी कालनिर्णयच्या पानामागे लिहायला लागले. गोळी किती वाजता, कशाबरोबर, आईला पदर स्वतः खोचता आला किती वाजता. पंधरा दिवसांत कळलं. नुसत्या पाण्याबरोबर ४० मिनिटं. दूध किंवा वरणभातावर दीड तास, कधी नाहीच. पोट साफ नसेल त्या दिवशी सगळीच बोंब.

न्यूरॉलॉजिस्ट म्हणाले, लेव्होडोपा, म्हणजे सिंडोपातलं मुख्य औषध, शोषली जाते लहान आतड्यात, जठरात नाही. या आजारात जठरच मंदावतं, गोळी तिथेच पडून राहते. पुढे सरकली तरी दुधा-डाळीतल्या प्रथिनांची अमिनो आम्लं त्याच दारात गर्दी करून बसलेली. बद्धकोष्ठ तर जेम्स पार्किन्सनने १८१७ मध्येच नोंदवलंय. तेव्हा दादा, प्रयत्न आई करत होती. गोळी पोचत नव्हती.

म्हणून गोळी जेवणाआधी अर्धा तास, नाहीतर जेवणानंतर तासाभराने, पाण्याबरोबर. लोहाची गोळी वेगळ्या वेळी. मळमळ होत असेल तर सोबत एखादं साधं बिस्किट चालतं. मळमळीवर मेटोक्लोप्रमाइड मात्र नको, या गोळीपासून मेंदूत जे डोपामिन बनतं, त्यालाच ते आडवं येतं. आमच्या एका डॉक्टरांनी ते दिलं आणि आई आठवडाभर लाकडासारखी ताठ होती.

हो, आणि मी डॉक्टर नाही. डोस तुमच्या डॉक्टरांनाच विचारा, वेळांची वही घेऊन जा. डाळ-दूध बंदही करू नका, वजन उतरतं.

आईचं दूध आता रात्री, शेवटच्या गोळीनंतर तासाभराने. दादाने अजून काही कबूल केलेलं नाही. कालनिर्णयची ती पानं मी फाडून जपून ठेवली आहेत, दिवाळीला येईल तेव्हा.