आधी तोटा ठरव, मग सौदा

सांगली

प्रिय,

तुझं पत्र मिळालं. बिटकॉइन वर जाईल की खाली, हेच तू पुन्हा पुन्हा विचारलंयस. किती रुपयांचं घ्यावं, हे एकदाही नाही. मला काळजी वाटते ती तिथंच.

पहिलं म्हणजे, तुझ्या भांडवलात तासगावच्या द्राक्षबागेचा पैसा असेल, ऑक्टोबर छाटणीच्या मजुरीचा आणि औषधांचा, तर तो आजच काढून वडिलांच्या खात्यात भर. यावर मी वाद घालणार नाही.

ते वगळून १ लाख उरले असं धरू. एका सौद्यात फार तर १ टक्का, म्हणजे १,००० रुपये जाऊ द्यायचे. स्टॉप लॉस, म्हणजे ज्या भावाला तोटा घेऊन बाहेर पडायचं ती जागा, खरेदीच्या भावापासून २ टक्क्यांवर येत असेल तर ५०,००० चा सौदा कर, ५ टक्क्यांवर येत असेल तर २०,००० चा. स्टॉप कुठं, हे चार्ट सांगतो, आणि रक्कम त्यावरून निघते. बहुतेक पोरं आधी रक्कम ठरवतात आणि मग सोसवेल तिथं स्टॉप ओढतात. इथल्या हळदीच्या पेठेत जुने अडते उधारी देताना गिऱ्हाइकाच्या बोलण्यावर जात नसत. हा बुडाला तर आपलं काय होईल, एवढंच बघत.

लागोपाठ दहा सौदे अंगावर येतात, चांगल्या माणसाचेही येतात. दर वेळी १ टक्का गेला तर तुझ्याकडे ९०,००० च्या वर राहतात. दर वेळी १० टक्के गेले तर ३५,००० सुद्धा राहत नाहीत, आणि तिथून परत लाखावर यायला पैसे जवळपास तिप्पट करावे लागतात.

लिव्हरेजला, म्हणजे उसन्या पैशावर मोठा सौदा करण्याला, हात लावू नकोस. २० पटीवर भाव ५ टक्के उलटा गेला की मार्जिन, म्हणजे सौद्यात तू स्वतः घातलेला पैसा, संपतं, खरं तर त्याच्या थोडं आधीच. १२ मार्च २०२० ला बिटकॉइन एका दिवसात जवळपास ४० टक्के पडला होता. शेअर बाजार साडेतीनला बंद होतो, निर्देशांक फार पडला तर व्यवहार थांबवतात. क्रिप्टोत यातलं काही नाही, तू झोपलेला असतानाही भाव हलतो. म्हणून स्टॉप मनात ठेवू नकोस, सौदे करतोस त्या एक्स्चेंजवर ऑर्डर लावून ठेव. पडझडीत तोही ठरल्या भावाला लागेलच असं नाही, तेव्हा छोट्या, कमी खरेदी-विक्री होणाऱ्या कॉइनमध्ये हिशेबाने आलेल्या रकमेच्या निम्मीच घाल. तीन वेगवेगळे कॉइन घेतले म्हणून जोखीम वाटली गेली असंही समजू नकोस. बिटकॉइन कोसळला की तिन्ही सोबत कोसळतात, तेव्हा तिन्हींचा मिळून १ टक्का धर.

आता ज्याचा तू विचारच केलेला दिसत नाही, तो कर. १ एप्रिल २०२२ पासून क्रिप्टोच्या नफ्यावर ३० टक्के कर आहे, वर ४ टक्के सेस. एका सौद्यातला तोटा दुसऱ्याच्या नफ्यातून वजा होत नाही आणि पुढच्या वर्षीही नेता येत नाही. नफ्याचे सौदे मिळून ५०,००० आले, तोट्याचे मिळून ४५,००० गेले, तर हातात ५,००० दिसतात आणि कर भरायचा १५,६००. म्हणजे निम्मे सौदे जिंकूनही, १,००० च्या तोट्यासमोर साधारण १,४५० चा नफा मिळाला तर कुठं बरोबरी होते, आणि ब्रोकरेज त्यात धरलेलंच नाही. शिवाय प्रत्येक विक्रीवर १ टक्का टीडीएस कापला जातो. रिटर्न भरताना तो जमा धरतात, पण तोवर अडकून राहतो. ५०,००० च्या वीस विक्र्या केल्यास की १०,००० अडकले, तुझ्या भांडवलाचा दहावा हिस्सा. रोज पाच-सहा सौदे करायचा तुझा बेत मला म्हणूनच मान्य नाही. आठवड्याला दोन-तीन कर, आणि नफ्याची जागा स्टॉपच्या दुप्पट लांब दिसत नसेल तर तो सौदा सोडून दे.

रविवारी मी घरीच असतो. येताना मागच्या महिन्याचे सगळे सौदे वहीत उतरवून आण: खरेदी, विक्री, रक्कम, स्टॉप. ज्यांच्यापुढे स्टॉपचा रकाना कोरा असेल, ते आधी बघू.

तुझा काका