‘स्वतःबद्दल लिहिलं नाही तर कामं येणार कशी?’

माझ्याकडे समुपदेशनासाठी येणारे तरुण वकील हा प्रश्न कधी ना कधी विचारतातच. शब्द बदलतात, काळजी तीच. “सगळे रोज सोशल मीडियावर लिहितात, मॅडम. कुणाला स्थगिती मिळाली, कुणाचा सत्कार झाला, कुणी कुठे भाषण केलं. मी गप्प बसले तर मी आहे हेच कुणाला कळणार नाही.” हे मृणालचं बोलणं. नाव आणि ओळखीचे तपशील बदलले आहेत, आणि तिच्या परवानगीनेच लिहिते आहे.

मृणाल मराठवाड्यातल्या एका गावातून पुण्यात आली. घरात याआधी कुणी काळा कोट घातलेला नाही. सीनियरकडे काही वर्षं काढली आणि मग स्वतःची कामं घ्यायला सुरुवात केली. वडिलांचं किंवा काकांचं ऑफिस नसलेल्या वकिलाला हा काळ फार कठीण जातो. ज्युनिअरना शहरात किमान वीस हजार आणि ग्रामीण भागात पंधरा हजार रुपये दरमहा द्यावेत, असं वकिलांचं नियमन करणाऱ्या बार कौन्सिल ऑफ इंडियाने ऑक्टोबर २०२४ मध्ये सुचवलं, पण ती शिफारस आहे, सक्ती नाही. तेव्हा मृणालच्या लिहिण्यामागे हौस नव्हती. घरभाड्याची भीती होती. हे आधी सांगते, कारण अशा लिखाणाकडे पाहून लोक पटकन ‘किती मिरवते’ म्हणतात आणि मोकळे होतात.

ती रात्री उशिरापर्यंत जागून लिहायची. लिहून झालं की कुणी वाचलं, कुणी नाही, ते पाहत बसायची. बरोबरीच्या एखाद्याच्या पोस्टवर अभिनंदनाची रांग दिसली की तिची झोप उडायची. त्यातच दुसरी भीती होती, नियमांची. आपल्याकडे वकिलाला जाहिरात करता येत नाही. बार कौन्सिलच्या नियम ३६ मध्ये पाटीच्या आकारावरही बंधन आहे. २००८ च्या दुरुस्तीनंतर संकेतस्थळावर नाव, पत्ता, फोन, ईमेल, नोंदणीचा तपशील, शिक्षण आणि कामाचं क्षेत्र एवढं देता येतं. मुंबईच्या एस्प्लनेड कोर्टाच्या दारात अशिलांना गाठून कामं ओढणाऱ्या वकिलांचं प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं होतं. दाभोळकर प्रकरण म्हणून ते ओळखलं जातं. १९७५ च्या त्या निकालात न्या. कृष्ण अय्यर यांनी वकिली हा व्यापार नाही, हे अगदी ठासून सांगितलं. मृणालने हा निकाल कॉलेजात अभ्यासला होता. “तिथे दारात उभं राहत होते, मी मोबाइलवर उभी राहते,” असं ती म्हणाली तेव्हा तिचा आवाज कापत होता.

बार कौन्सिलची नोटीस येईल की नाही, हे सांगणं माझं काम नव्हतं. त्यासाठी तिला बारमधल्या एका ज्येष्ठ वकिलांशी बोलायला सांगितलं. मला पाहायचं होतं ते तिचं लिखाण. तिचे काही लेख आम्ही छापून घेतले आणि पेन्सिल तिच्या हातात दिली. ज्या वाक्याच्या केंद्रस्थानी ती स्वतः आहे, त्याखाली रेघ मारायची, एवढंच काम.

त्यातला एक लेख वडिलोपार्जित जमिनीतल्या मुलींच्या हिश्शाबद्दल होता. युक्तिवादाची तयारी रात्रभर कशी केली, न्यायाधीश काय म्हणाले, समोरचे वकील कसे निरुत्तर झाले, आणि शेवटी ‘हे यश माझं नाही, आईवडिलांच्या आशीर्वादाचं’. पान रेघांनी भरलं. कायदा उरला दोन ओळींपुरता. मृणालने पेन्सिल खाली ठेवली. “माझ्या मावशीने हे वाचलं तर तिला काय कळेल? भाची हुशार आहे. तिचा हिस्सा कुठे आहे ते नाही कळणार.”

मला वाटतं, उपचार तिथेच सुरू झाला.

वाचणाऱ्याला काय वाटतं, याचा अंदाज बढाई मारणाऱ्याला येत नाही. इरेने स्कोपेलिटी आणि सहकाऱ्यांनी २०१५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या संशोधनात हेच दिसलं. आपलं यश ऐकून समोरच्याला आनंद होईल असं सांगणाऱ्याला जेवढं वाटतं, तेवढा तो होत नाही, आणि त्रास मात्र अंदाजापेक्षा जास्त होतो. नम्रतेच्या किंवा तक्रारीच्या आवरणातली बढाई तर आणखी खुपते. २०१८ मधल्या ओवुल सेझेर यांच्या अभ्यासानुसार सरळ बढाई मारणारा माणूसही त्यापेक्षा बरा वाटतो, कारण आवरणातला खोटेपणा लोकांना जाणवतो. हे ऐकून मृणालला लाज वाटली. लाजेने माणूस काही दिवस गप्प बसतो आणि मग दुप्पट जोराने लिहितो, हे मी अनेकांच्या बाबतीत पाहिलं आहे. म्हणून तिला ‘स्वतःबद्दल लिहू नका’ असं मी सांगितलं नाही. दुसरं काहीतरी लिहायला सांगितलं.

रोज कोर्टातून निघण्यापूर्वी एक हायकू, म्हणजे तीन ओळींची छोटी जपानी धाटणीची कविता. वही छोटी, कोटाच्या खिशात मावेल अशी. ती कुणालाही दाखवायची नाही, कारण अशिलाची गोष्ट अशिलाची असते.

डायरी का नाही, असं तिने विचारलं. ज्याचं मन आधीच स्वतःभोवती फिरतं आहे, त्याला डायरी दिली की ते आणखी फिरतं. हायकूत तेवढी जागाच नसते. तीन ओळी, समोर घडलेला एक क्षण. जपानीत पाच-सात-पाच असं मोजमाप आहे, ऋतूची खूण असते, मधे एक छेद, म्हणजे विराम, असतो. मराठीत कवयित्री शिरीष पै यांनी हा प्रकार रुजवला, आणि आपल्याकडे अक्षरांच्या हिशेबापेक्षा तीन ओळींच्या नेमकेपणाला महत्त्व आलं. पाइन वृक्षाविषयी पाइनकडूनच शिका, असं सतराव्या शतकातला जपानी हायकूकार बाशो शिष्यांना सांगत असे. स्वतःला बाजूला ठेवून समोरच्या वस्तूपाशी जायचं. भीतीने आत वळलेलं लक्ष बाहेर आणायला मला याहून साधा मार्ग माहीत नाही.

पहिल्या आठवड्यात तिने आणलेली रचना अशी होती :

स्थगिती मिळाली
अशिलाच्या डोळ्यांत पाणी
माझ्याही

“तिसरी ओळ काढली तर?” मी विचारलं. ती बराच वेळ वहीकडे पाहत राहिली. “मग मी कुठे आहे?” “तुम्ही पाहिलंत म्हणून तर हे पाणी कागदावर आलं.”

पुढे तिने न्याय आंधळा आहे, कायदा थकला आहे, अशा छापाचं लिहायला सुरुवात केली. ते हुशारीचं होतं आणि टाळ्या मिळतील असं होतं. ती मतं होती. मी एकच विचारत गेले, की आज नक्की काय दिसलं? पुकारा झाला तेव्हा कोण उठलं? हातात काय होतं? एका दिवशी ती हे घेऊन आली :

पुढची तारीख
पिशवीत परत जातो
न उघडलेला डबा

या तीन ओळींत वकील कुठेही नाही. पण तो डबा ज्यांचा होता, त्या बाईंनी तो का उघडला नाही, हे मृणालने त्यांना जाऊन विचारलं होतं. पहाटेच्या एसटीने आल्या होत्या, आणि जेवायला बाहेर गेलो आणि पुकारा झाला तर, या धास्तीने बाकावरून हलल्या नव्हत्या. दुसऱ्या दिवसापासून मृणाल स्वतःच्या अशिलांना बोर्डावर, म्हणजे त्या दिवशीच्या प्रकरणांच्या यादीत, आपला नंबर साधारण कधी येईल ते सकाळीच सांगू लागली. हायकूच्या सवयीतून मला सगळ्यात मोलाची वाटलेली गोष्ट हीच. लक्ष बाहेर गेलं की समोरच्याची गरज दिसते, आणि त्यातून कामही सुधारतं.

आणखी एक इथे देते, कुटुंब न्यायालयातला. मला तो फार आवडतो :

कोर्टाचा जिना
दोन टोकांना आईबाप
मधल्या पायरीवर बाहुली

काही महिन्यांनी तिने जमिनीचा तो लेख पुन्हा लिहिला. त्यात आता हे होतं : ९ सप्टेंबर २००५ पासून हिंदू एकत्र कुटुंबाच्या वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला मुलासारखाच जन्माने हिस्सा आहे. त्या तारखेला वडील हयात असण्याची अट नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने ११ ऑगस्ट २०२० च्या निकालात स्पष्ट केलं. २० डिसेंबर २००४ पूर्वी रीतसर झालेली वाटणी मात्र उकरून काढता येत नाही. महाराष्ट्राने तर १९९४ मध्येच तशी दुरुस्ती केली होती, पण त्याआधी लग्न झालेल्या मुली तिच्यातून सुटल्या होत्या. आणि भाऊ हक्कसोडपत्र घेऊन आला तर सही करण्याआधी ते कुणाकडून तरी वाचून घ्या, कारण नोंदणी झाल्यावर ते रद्द करून घेणं सोपं नसतं. संपूर्ण लेखात ‘मी’ एकदाही नाही. मावशीने तो शेजारणीला वाचून दाखवला.

आता मूळ प्रश्नाकडे येते, कारण वाचणाऱ्यांपैकी अनेकांचा तोच असेल. हायकू लिहून कामं येतात का? नाही. मृणालच्या घरभाड्याची काळजी हायकूने मिटवली नाही. त्यासाठी आम्ही वेगळं बसलो, खर्चाचा कागद केला आणि तिला कामाची ओळख कामातूनच होईल अशा जागा शोधल्या. मोफत कायदेशीर मदत देणाऱ्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या पॅनेलसाठी, म्हणजे तिथल्या वकिलांच्या यादीसाठी, तिने अर्ज केला. तिथलं मानधन थोडं असतं, पण १९८७ च्या कायद्यानुसार कुठल्याही स्त्रीला, तिचं उत्पन्न कितीही असलं तरी, मोफत वकील मिळू शकतो. त्यामुळे मृणालला जी कामं शिकायची होती, ती तिथे येतात. तिची निवड झाली. दोन मैत्रिणींबरोबर तिने ऑफिसची जागाही भाड्याने घेतली.

ती अजूनही लिहिते. कधीकधी जुनी ओढ येते, विशेषतः एखादी केस हरल्यावर. अशा वेळी ती मला फोन करते. मी तिला लेखावर पुन्हा पेन्सिल फिरवायला सांगते, आणि रेघा जास्त झाल्या तर तो लेख एक रात्र तसाच ठेवायला सांगते. स्वतःबद्दल अजिबात लिहू नये, असं माझं म्हणणं नाही. नाव, शिक्षण, कामाचं क्षेत्र हे नियमात बसतं, ते स्वच्छ लिहावं आणि पुढे जावं. तुम्हालाही रात्री दोन वाजता स्वतःच्या पोस्टखालचे आकडे मोजावेसे वाटत असतील, छातीत धडधडत असेल, दुसऱ्याचं यश पाहून सकाळी कोर्टात जावंसं वाटत नसेल, तर वहीबरोबर एखाद्या समुपदेशकाचीही वेळ घ्या. एकट्याने सोसण्याइतकी ती भीती लहान नसते.