बडोद्याहून मित्रांसोबत गाडीने जाताना पावागडाचा चांगला फोटो कधी आणि कुठून मिळेल?

सकाळी लवकर निघत असाल तर हालोलच्या रस्त्यावर गाडी थांबवण्याची घाई करू नका. बडोद्याकडून येताना पावागड पूर्वेला असतो, म्हणजे सकाळचं ऊन थेट लेन्समध्ये आणि डोंगर नुसता काळा. थेट गडाच्या पायथ्याच्या चांपानेरला जा. गड तिथून नैऋत्येला येतो, त्यामुळे सकाळचा उजेड समोरच्या कड्यांवर पडतो. पाऊस संपल्यावर चांपानेरजवळचा वडा तलाव भरलेला असेल आणि वारा नसेल, तर पाण्यात अख्खा डोंगर उतरतो. माझ्या मते हाच सगळ्यात सुंदर फोटो.

परतताना, दुपारी चारनंतर, हालोलच्या बाजूने पश्चिमेचा उतार सोनेरी दिसतो. तेव्हा गाडी रस्त्याच्या पूर्ण कडेला घ्या. हा वाहता रस्ता आहे, मित्रांना मधे उभं करू नका.

मोबाइल असेल तर वाइड वापरू नका, डोंगर टेकडीएवढा होतो. दोन-तीन पट झूम घ्या आणि मित्रांना थोडं लांब उभं करा, म्हणजे मागे गड उंच दिसेल. चांपानेरच्या जामी मशिदीसाठीही वेळ ठेवा, चांपानेर-पावागड २००४ पासून जागतिक वारसा आहे.